कँटरबाईला उभं केलंत, आता पाठीशी उभे राहा

ज्यू वर्षात दोन सगळ्यांत मोठे दिवस येतात: रोश हशाना हे नववर्ष आणि योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस. या दिवसांत मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी परंपरेच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, मुसाफ या जादा प्रार्थनेच्या आधी कँटर, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारा गायक, एकट्याने एक प्रार्थना म्हणतो. पुष्कळ ठिकाणी तो ती सभागृहाच्या मागच्या टोकाला सुरू करतो आणि म्हणत म्हणत संथ पावलांनी पुढे येतो. ‘हिनेनी’ तिचं नाव. हा मी, पुण्याईने कंगाल, भीतीने थरथरणारा, तुझ्या लोकांसाठी तुझ्यापुढे उभा आहे आणि माझी ती लायकी नाही, अशी तिची सुरुवात. माझ्या पापांपायी या लोकांना खाली मान घालायला लावू नकोस, अशी मधली विनवणी. आणि पुढे मागणं असं, की माझी ही प्रार्थना एखाद्या वयोवृद्ध, सरावलेल्या, भरघोस दाढीच्या, गोड गळ्याच्या, लोकांना प्रिय असलेल्या माणसाची समजून पदरात घे.

दाढीचा असा उल्लेख असलेली ही प्रार्थना आज अमेरिकेत शेकडो स्त्रियांच्या वाट्याला येते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे कुणी बोललं असतं तर लोकांनी कानांवर हात ठेवले असते. तरीही मला हा लेख विजयाचा म्हणून लिहिता येत नाही. स्त्रियांना या जागेवर येऊ द्यावं की नाही, या वादात इतकी शक्ती गेली की ती जागा मुळात कशाच्या जोरावर टिकते, तिचा खर्च कोण सोसतो, हे विचारायचं राहून गेलं. माझं म्हणणं सरळ आहे. स्त्रियांना हझ्झानपद, म्हणजे कँटरचं पद, मिळालं पाहिजे आणि पूर्ण मिळालं पाहिजे. शिक्षण, पगार, गायकवृंद, नव्या रचना हे सगळं त्या पदासोबत आलं पाहिजे. नुसती परवानगी देऊन मोकळा होणारा समाज त्या बाईवरही अन्याय करतो आणि त्या संगीतावरही.

इंग्रजीत कँटर, हिब्रूत हझ्झान. आपल्याकडच्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाला हा शब्द घरचाच आहे. त्यांच्या सिनेगॉगांत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, जवळजवळ नसतच. प्रार्थना चालवण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं हझ्झानच पाहत. हझ्झानला नुसतं गाता येऊन भागत नाही. प्रार्थनेच्या प्रत्येक वेळेची ठरलेली सुरावट असते, तिला नुसाख म्हणतात. आपल्याकडे भैरव सकाळचा आणि मारवा सांजवेळेचा, तशी शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) संध्याकाळची चाल वेगळी, सकाळची वेगळी, सणांची वेगळी. डोळे मिटून बसलेल्या जाणत्या माणसाला नुसत्या सुरांवरून कळतं, आज कोणता दिवस आहे. त्या चौकटीत राहून शब्दागणिक विस्तार करायचा, मंडळीला कुठे सोबत घ्यायचं आणि कुठे गप्प करायचं हे ओळखायचं, हा त्या विद्येचा गाभा. योम किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ तीनदा म्हणतात: पहिल्यांदा अगदी हलक्या आवाजात, मग थोडं चढवून, तिसऱ्यांदा भरल्या गळ्याने. तीच अक्षरं तीनदा म्हणायची आणि तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा. हे वर्षानुवर्षांच्या तालमीशिवाय येत नाही.

मग अशा माणसाची पात्रता कशी ठरवायची? तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्र-ग्रंथाच्या तानीत या भागात एक सुंदर यादी आहे. पाऊस ताणला आहे, उपास पुकारला आहे, लोकांच्या वतीने देवापुढे कुणाला उभं करायचं, हा तिथला प्रश्न. रब्बी यहूदा सांगतात: ज्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत आणि घर रिकामं आहे, जो शेतात राबतो, ज्याचं तारुण्य निष्कलंक गेलं, जो नम्र आहे, लोकांना हवासा आहे, ज्याला गाता येतं, ज्याचा आवाज गोड आहे, जो शास्त्रांत आणि प्रार्थनांत मुरलेला आहे. ही यादी मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी मला तिच्यातला क्रम थक्क करतो. आधी रिकामं घर आणि राबणं, मग गळा. ज्याला लोकांची नड स्वतःच्या पोटातून ठाऊक आहे, त्याने लोकांसाठी मागावं. या कसोटीवर जगातल्या किती बाया उतरतील, याचा हिशेब करायलाही नको.

विरोधकांचे मुद्दे मात्र उडवून लावण्यासारखे नाहीत. ते करणारे लोक धर्मग्रंथ मनापासून वाचतात, आणि त्यांना त्याच ग्रंथांतून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा ‘कोल इशा’ म्हणजे स्त्रीच्या आवाजाचा. तालमुदाच्या बेराखोत भागात श्मुएल यांचं एक वाक्य आहे, की स्त्रीचा आवाज हा उघड्या अंगासारखा आहे. त्याच्या आधारावर आजही अनेक ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ पंथाचे, पुरुष स्त्रीचं गाणं ऐकत नाहीत. पण ते वाक्य येतं शेमा ही प्रार्थना म्हणताना लक्ष कशाने विचलित होईल या चर्चेत. तेच वाक्य किद्दुशीनमध्ये येतं तेव्हा विषय निरोप धाडण्याचा, साध्या संभाषणाचा आहे. आणि आज स्त्रीशी बोलणं कुणी वर्ज्य मानत नाही. म्हणजे काळानुसार त्या वाक्याची धार परंपरेनेच कमी केलेली आहे. विसाव्या शतकातले मोठे ऑर्थोडॉक्स धर्मपंडित येहिएल याकोव वाइनबर्ग यांनी फ्रान्समधल्या तरुणांच्या संघटनेत मुलामुलींनी मिळून भक्तिगीतं गायला मोकळीक दिली, तीही जर्मनीतल्या त्यांच्या आधीच्या पंडितांचा दाखला देऊन. गाणं देवासाठी असेल तर आवाजाला वेगळा न्याय लावता येतो, हे आतल्याच माणसांनी म्हटलेलं आहे.

दुसरा मुद्दा जास्त भक्कम आहे. तालमुदाचा मूळ गाभा असलेली मिश्ना सांगते की ज्याच्यावर एखादं कर्तव्य नाही, तो इतरांच्या वतीने ते पार पाडू शकत नाही. ठरल्या वेळी करायच्या बहुतेक विधींतून स्त्रियांना सूट आहे. मग त्या पुरुषांच्या वतीने कशा उभ्या राहणार? परंपरा मानूनही बदलाला वाट देणाऱ्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाने याला बगल दिली नाही. त्या पंथाचे धर्मपंडित जोएल रॉथ यांनी 1980 च्या दशकात मांडलं की स्त्री हे कर्तव्य स्वतःहून, कायमचं, अंगावर घेऊ शकते. आणि ज्या स्त्रिया ते घेतील त्या प्रार्थनाही चालवू शकतील. मला ही भूमिका फार मोलाची वाटते, कारण ती स्त्रीकडे हक्कासोबत भारही देते. आणि ज्यांना ती पटत नाही त्यांच्या चौकटीतही पुष्कळ जागा रिकामी आहे. शुक्रवारच्या संध्याकाळची काब्बालात शब्बात, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, ही सोळाव्या शतकात आजच्या इस्राएलमधल्या साफेद गावच्या भक्तांनी सुरू केलेली प्रथा; ते कुणाचं तालमुदी कर्तव्य नाही. ती स्त्रीने चालवली तर कोणता नियम मोडतो? जेरुसलेममधल्या शिरा हदाशा या मंडळीत गेली वीसहून अधिक वर्षं हेच चाललं आहे, मध्ये पडदा ठेवून, बाकीचे नियम पाळून.

तिसरा मुद्दा म्हणजे ‘मंडळीचा मान’. मेगिल्ला भागात म्हटलंय, की तोरा या पवित्र ग्रंथाच्या वाचनाला उभ्या राहणाऱ्या सात जणांत स्त्रीही धरता येते. पण मंडळीचा मान राखायचा म्हणून तिने वाचू नये. हे वाक्य इतकं प्रांजळ आहे की त्यापुढे वाद संपायला हवा होता. पात्रता मान्य, अडचण लोक काय म्हणतील याची. आणि लोकांचा मान कशात आहे, हे लोकच ठरवतात.

याउपर ग्रंथांतच हन्ना आहे. मूल होत नाही म्हणून शिलोच्या मंदिरात ओठ हलवत मनातल्या मनात रडणारी, जिला पुजाऱ्याने दारू प्यायलेली समजून हटकलं. तालमुदाचे पंडित मुख्य प्रार्थना कशी करावी हे ठरवताना याच बाईकडून शिकले. प्रार्थनेची रीत जिच्याकडून घेतली, तिच्या लेकींना प्रार्थना चालवता येत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

स्त्रिया गात नव्हत्या असं तर कधीच नव्हतं. जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या वर्म्स गावात तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांसाठी सिनेगॉगला लागून वेगळी खोली बांधली गेली. तिथे उरानिया नावाची बाई बायकांसमोर उभी राहून स्तोत्रं गायची; तिचा बाप गावातला प्रमुख गायक होता. 1275 मध्ये ती वारली आणि तिच्या थडग्याच्या दगडावर तिचं गाणं कोरलं गेलं. म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे. दगडावर न आलेल्या किती असतील! 1884 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एमानु-एल मंदिराचा कँटर वारला तेव्हा ऑपेरा गायिका ज्युली रोझवाल्ड हिने त्याचं काम अंगावर घेतलं आणि 1893 पर्यंत निभावलं. रीतसर दीक्षेचा मात्र प्रश्नच उद्भवला नाही. 1955 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ओशनसाइडला बेटी रॉबिन्स हिची कँटर म्हणून नेमणूक झाली तेव्हा ती वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी ठरली.

आणि मधल्या काळात होत्या त्या ‘खझंते’, म्हणजे हझ्झानी गाणाऱ्या बायका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मोठमोठ्या हझ्झानांच्या रेकॉर्ड घरोघरी वाजत, तेव्हा काही बायकांनीही तेच गाणं उचललं. त्यांना सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायला परवानगी नव्हती, म्हणून त्या रंगमंचावर, रेडिओवर, रेकॉर्डवर गायल्या: सोफी कुर्त्सर, पेरेले फेग, फ्रेदेले ओयशर, बास शेवा. फिलाडेल्फियाची जीन गोर्निश ‘शेंदेले दी खझंते’ या नावाने कँटरचा झगा आणि टोपी घालून उभी राहायची. तिचं गाणं ऐकताना आधी तिचा खर्ज जाणवतो. इतका खोल, की कुणी नाव सांगितलं नाही तर पुरुषच वाटावा. मग शब्द लांबवता लांबवता ती अचानक हुंदक्यासारखी एक मुरकी घेते आणि सगळा आवाज फिरतो. ही बाई योम किप्पूरच्या दिवशी वेदीपुढे उभी राहायला हवी होती. समाजाने तिला तिकीट लावून ऐकलं.

पुढचे टप्पे अनेकांना माहीत आहेत. 1972 मध्ये सॅली प्रिसँड उदारमतवादी रिफॉर्म पंथात रब्बी झाली, 1975 मध्ये बार्बरा ओस्टफेल्ड कँटर. कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या न्यूयॉर्कमधल्या सेमिनरीने 1987 मध्ये एरिका लिपित्झ आणि मार्ला बारुगेल यांना पदवी दिली, पण व्यवसायातल्या संघटनेत शिरायला स्त्रियांना 1990 उजाडलं. सभासदांच्या मतदानात पुरेशी मतं मिळेनात, शेवटी कार्यकारिणीने निर्णय घेतला. तोवर थांबायचं नाही म्हणून डेबोरा काचको हिने 1982 मध्येच स्त्री-कँटरांचं स्वतंत्र जाळं उभारलं. तिचे आजोबा अडॉल्फ काचको यांनी लिहिलेल्या हझ्झानीच्या वह्यांवर पिढ्या शिकल्या. घराण्याची विद्या नातीच्या गळ्यात होती, आणि दाराबाहेरही तीच होती.

आता सर्वांत कडू आक्षेपाकडे येतो, कारण तो संगीतावर प्रेम करणारी माणसं घेतात. त्यांचं म्हणणं, बायका आल्या आणि त्यांच्याबरोबर गिटार आली, शिबिरातली टाळ्यांची गाणी आली, आणि खरी हझ्झानी मेली.

यातला कालक्रमच चुकीचा आहे. जुनी हझ्झानी पोसली जायची पूर्व युरोपात, जिथे पोरं कोवळ्या वयापासून कँटरच्या वृंदात गाऊन शिकत. 1924 मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा दरवाजा जवळपास बंद केला आणि तिकडून येणारा ओघ आटला. मग नाझींनी ती गावं, ती सिनेगॉगं, ते वृंद, ती पोरं सगळंच संपवलं. न्यूयॉर्कमध्ये 1948 मध्ये पवित्र संगीताची शाळा निघाली ती याच पोकळीमुळे: गुरूंची मूळ जागाच उरली नव्हती. बार्बरा ओस्टफेल्डला दीक्षा मिळाली ती याच्यानंतर सत्तावीस वर्षांनी. ज्या घराला आग लागून गेली, त्याची राख झाडायला आलेल्यांवर आगीचा आळ कसा घालता?

गिटारीचंही खरं सांगायचं तर डेबी फ्रीडमन हिने जे केलं त्याचं मोल मला कमी लेखवत नाही. 1970 च्या दशकापासून तिने गाणी रचली. आजाऱ्यांसाठीची तिची ‘मी शेबेराख’ ही प्रार्थना आज असंख्य सिनेगॉगांत मंडळी स्वतःच्या तोंडाने म्हणते. 2011 मध्ये ती गेल्यावर त्याच न्यूयॉर्कच्या शाळेला तिचं नाव दिलं. ज्यांना गप्प बसून ऐकायची सवय लागली होती त्यांना तिने गायला लावलं. पण तेवढ्यावर भागत नाही, हेही तितकंच खरं. सोप्या चालीवर सगळी मंडळी गाऊ शकते. योम किप्पूरच्या दुपारी थकल्या, उपाशी लोकांना उचलून धरायला नुसाख लागतो आणि नुसाख जाणणारा माणूस लागतो. आज तो जाणणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. खझंतेंच्या जुन्या रेकॉर्ड शोधून त्यातली वळणं बसवणाऱ्यांतही त्या आहेत.

आणि इथेच समाज हात आखडता घेतो. बाईला कँटर म्हणून उभं करायला मंडळी तयार. तिला पूर्णवेळ नेमायचं म्हटलं की पैसे नाहीत. मग दोन सणांपुरती गायिका बोलवा, बाकी वर्षभर रब्बीच गाणं म्हणेल, नाहीतर कुणीतरी हौशी मुलगा गिटार वाजवेल. जी वर्षानुवर्षं शिकली, हिब्रू, तोरावाचन, चाली, समुपदेशन हे सगळं जिने कमावलं, तिला ‘छान गाणाऱ्या बाई’ म्हणून ठरावीक दिवसांचे पैसे हातावर ठेवले जातात. काम बायकांच्या हातात आलं की त्याचा दाम उतरतो, हे आपण परिचारिकांच्या, शिक्षिकांच्या बाबतीत पाहिलं आहे. इथे ते होऊ द्यायचं नसेल तर मंडळींनी अंदाजपत्रकात कँटरचं पद सगळ्यांत आधी कापायची सवय सोडली पाहिजे.

आधाराचा दुसरा अर्थ रचनांचा. छापील हझ्झानी बहुतांश टेनर, म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीच्या, गळ्यासाठी लिहिलेली आहे. पुरुष वरच्या पट्टीत आवाज बारीक करतो तिथे एक करुण परिणाम साधतो. तीच ओळ सोप्रानो, म्हणजे बाईच्या उंच पट्टीच्या, गळ्याने घेतली तर ती तिच्या अगदी सहज टापूत पडते आणि ते कारुण्य निसटतं. व्हिएन्नाच्या सुल्त्सर आणि बर्लिनच्या लेवांडोव्स्की यांच्या वृंदरचना पुरुषाच्या आवाजाभोवती बांधलेल्या. पट्टी बदलली तर वृंद अडतो, आणि मंडळीला मागे म्हणायचं ते एक तर फार उंच जातं नाहीतर फार खाली. गळा बदलला की रचना नव्याने घडवावी लागते. त्यासाठी संगीतकारांना मोबदला देऊन काम द्यावं लागतं, वृंद सांभाळावा लागतो. पदवीदानाच्या फोटोपेक्षा हे खर्चिक आहे, आणि जास्त गरजेचंही.

या प्रश्नाचा एक धागा थेट कोकणात येतो, म्हणून मराठी वाचकाने तो परका समजू नये. जगभरच्या ज्यू समाजांत पुष्कळदा एक वाटणी दिसते: हिब्रू पुरुषांची, सिनेगॉगमधली; बोलीभाषा बायकांची, घरातली. येमेनच्या बायका अरबीत गायच्या, मूळच्या स्पेनकडच्या सेफार्दी बायका लादिनो या स्पॅनिश वळणाच्या भाषेत. कोचीच्या बायका मल्याळम गाणी वहीत उतरवून ठेवायच्या आणि पुरुषांसमोर मोकळेपणाने गायच्या. ‘कोल इशा’ तिथे आडवा आला नाही. बेने इस्राएलांनी तर 1880 च्या सुमारास आपलं कीर्तनच उचललं आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडी-ओव्यांत बांधली. उभे राहणारे पहिले कीर्तनकार पुरुष होते. पण अलिबागच्या आसपासचे लोक मुंबई-ठाण्याला आले, पुढे बहुसंख्य इस्राएलला दिमोना, अश्दोद, बेरशेबाला गेले, तेव्हा ही पदं जास्त करून बायकांच्या गळ्यातून टिकली.

आणि डॉ. जेरुशा झिराड. हुजूरपागेत शिकलेली, प्रसूतिशास्त्रात नाव कमावलेली, 1966 मध्ये पद्मश्री मिळालेली ही बेने इस्राएल बाई. लंडनला शिकताना तिने उदारमतवादी ज्यू चळवळ पाहिली आणि 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली. अमेरिकेत पहिली स्त्री रब्बी व्हायला अजून सत्तेचाळीस वर्षं अवकाश होता. हझ्झान ती नव्हती. पण धर्माचं घर बाई बांधू शकते हे तिने दाखवलं, आणि आपल्या शाळकरी पुस्तकांत तिचं नाव नाही याची मला खंत वाटते.

भारतात आता ज्यू काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या दर्जाचा उपयोग कशासाठी व्हावा असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ठाण्याच्या शार हशामाईमपासून अलिबागच्या मागेन आबोथपर्यंत ज्या म्हाताऱ्या बायकांना मलिदा या आभारविधीची, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आणि जुन्या आख्यानांतली पदं येतात, त्यांना बसवून ती ध्वनिमुद्रित करा. चालींची स्वरलिपी तयार करा. ती शिकवायला त्याच बायकांना मानधन देऊन नेमा. आणि शिकणारी मुलगी उद्या तेब्यावर, म्हणजे प्रार्थना चालवायच्या चौथऱ्यावर, उभी राहून ते गाऊ इच्छित असेल तर ठराव घेताना तिच्या तालमीचा खर्च कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहा.